जुन्या जीपला तेल कोणतं?

चिखली-खामगावकडे बापाच्या हातची जुनी जीप आजही कुणी-कुणी जपून ठेवली आहे. शेतकरी बंधूंनो, तिच्या गिअरबॉक्सात तेल टाकताना 'महाग तेच चांगलं' समजू नका.

डब्यावरचा 90 हा आकडा तेलाचा जाडपणा सांगतो. 'जीएल' पुढचा आकडा मात्र औषधाची मात्रा! जीएल-5 मध्ये गंधक-फॉस्फरसची मात्रा जीएल-4 च्या जवळपास दुप्पट असते. ती डिफरन्शियलचे दाते वाचवते. पण गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगा खाऊ शकते. मग गिअर टाकताना खरखर सुरू होते, अन् जुन्या रिंगा सहज मिळत नाहीत.

म्हणून कंपनीचं पुस्तक पाहून गिअरबॉक्सात जीएल-4 च मागा. जुनं तेल गाडी फिरवून आणल्यावर, कोमट असतानाच काढा. त्यात पिवळी चमक दिसली, तर रिंग झिजतेय समजा अन् मिस्तरीला दाखवा.