परसांतील आर्टिचोक

महसुली दप्तरांत तीस वर्षें पीकपाहणीचे कागद लिहिले. परंतु आर्टिचोक हें पीक आमच्या कोणत्याहि रकान्यांत कधीं आलें नाहीं. गतवर्षीं आसेगांवीं परसांत तें प्रथमच लाविलें. झाड करडईच्या कुळांतलें. शेजारी विचारीत, 'उंटकटारीला पाणी कशास घालतां?' खावयाची ती न उमललेली कळी. जेरूसलेम आर्टिचोक म्हणतात तो कंद निराळा, सूर्यफुलाच्या जातीचा.

आश्विनांत बीं टाकून कार्तिकांत आठ रोपें तीन-तीन फुटांवर लाविलीं. सपाट काळ्या जमिनींतलीं पांच रोपें मुळें कुजून मेलीं. पाणी आम्हींच फार दिलें. वाळू व कुजलेलें शेणखत घालून उंच केलेल्या वाफ्यांतलीं तीन तगलीं. कळी धरण्यास थंडी लागते; ती पौषांत पडली, तरी कळ्या दोनच आल्या, त्याहि मुठीएवढ्या. एक उकडून खवल्यांचें बूड व आंतील गाभा मिठाबरोबर खाल्ला, चवीस बरा. दुसरी तोडण्यास चार दिवस उशीर झाला. चैत्राच्या उन्हांत ती निबर होऊन जांभळी फुलली.

विक्रीसाठीं हें पीक आम्ही कोणास सांगणार नाहीं. झाडांवर सध्यां तट्ट्यांची सावली केली आहे. पावसाळ्यांत तीं टिकलीं, तर बुडाच्या फुटव्यांपासून नवीं रोपें करणार आहों.