चांगली शाळा ओळखायची कशावरून?

करमाडला सकाळी जालना रोडच्या कडेला उभं राहिलं की दोन प्रकारच्या गाड्या दिसतात. कामगारांना घेऊन शेंद्रा एमआयडीसीकडे निघालेल्या बस, आणि लेकरांना घेऊन छत्रपती संभाजीनगर शहराकडे निघालेल्या पिवळ्या व्हॅन. ऑरिक या औद्योगिक शहरासाठी इथल्या आणि लाडगावच्या शिवारातल्या जमिनी गेल्या, मावेजा आला आणि त्यातला काही पैसा साहजिकच फीमध्ये गेला. शेत गेलं, निदान लेकरू तरी शिकावं, ही आईबापांची तळमळ खरी आहे. म्हणूनच चांगल्या शाळेच्या नावाखाली आपण नेमकं काय शोधतो, हे एकदा तपासून घ्यायला हवं.

गैरसमज : फी भरायला लागते, इंग्रजी माध्यम आहे, म्हणजे शाळा चांगलीच.

'असर' या शालेय शिक्षणावरच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत देशभरातल्या पाचवीच्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला दिला होता. सरकारी शाळांतल्या ४४.८ टक्के मुलांना तो वाचता आला, खासगी शाळांतल्या ५९.३ टक्के मुलांना. पहिल्यांदा वाटतं, झाला निकाल. पण खासगी शाळेत जाणाऱ्या लेकराच्या घरी बहुधा शिकलेली आई असते, शिकवणी असते, चार पुस्तकं असतात. मग यात शाळेचा वाटा किती? हे शोधायला कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी आंध्र प्रदेशात २००८ पासून एक प्रयोग केला. सरकारी शाळेतल्या मुलांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांचं नाव निघालं त्यांची खासगी शाळेची फी प्रकल्पाने भरली. चार वर्षांनी दोन्ही गटांची परीक्षा घेतली, तेव्हा तेलुगू आणि गणितात फरक सापडला नाही. हिंदीत खासगी शाळांची मुलं पुढे होती, कारण तिथे हिंदी शिकवली जात होती. खासगी शाळांनी हे बऱ्याच कमी खर्चात केलं, हेही त्या अभ्यासाने नोंदवलं. पण फी भरली की लेकरू आपोआप हुशार होतं, हा समज मात्र त्यात टिकला नाही. आणि वरचाच आकडा उलटा वाचा : खासगी शाळेत जाणाऱ्या शंभरातल्या चाळीस मुलांना पाचवीत असूनही दुसरीचा उतारा वाचता येत नाही.

गैरसमज : खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नवं काही होत नाही.

याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. गाडीवाट हे शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवरचं गाव. तिथल्या जिल्हा परिषद शाळेने सप्टेंबर २०१९ मध्ये चौथी ते आठवीच्या मुलांना विचारलं, परदेशी भाषा शिकायची तर कुठली? बहुतेकांनी जपानी सांगितली. रोबोट आणि तंत्रज्ञानाची ओढ, हे त्यांचं कारण. शिकवायला कोणी नव्हतं, तेव्हा शिक्षकांनी इंटरनेटवरचे व्हिडिओ आणि भाषांतराची अ‍ॅप्स गोळा करून सुरुवात केली. पुढे भाषेच्या एका जाणकाराने विनामूल्य ऑनलाइन तास घेतले. २०२० पर्यंत सत्तरएक मुलं जपानी बोलू लागली होती.

मला त्यातल्या जपानीपेक्षा 'विषयमित्र' ही गोष्ट मोठी वाटते. सगळ्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हते. म्हणून ज्यांना तास मिळाला त्यांनी तो बाकीच्यांना शिकवायचा, असं ठरलं.

दुसऱ्याला शिकवताना काय होतं ते जवळून बघा. तिसरीतली मुलगी दुसरीतल्या मुलाला ४७ आणि ३८ ची बेरीज सांगतेय. सात आणि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. तो विचारतो, "हातचा म्हणजे कशाचा एक?" ती अडते. तिला उदाहरण येतं, बरोबर उत्तरही येतं, पण हे तिने कधी स्वतःला विचारलेलं नसतं. मग ती काड्या आणते, दहा काड्यांना रबर लावते आणि म्हणते, "हा बघ, हा गठ्ठा म्हणजे तो एक." त्या क्षणी दोघंही शिकतात.

पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातली जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळाही याच विषयमित्र पद्धतीवर उभी राहिली. २०२५ मध्ये तिला जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. दोन्ही ठिकाणी मुलं फक्त ऐकत बसली नाहीत, सांगत राहिली.

गैरसमज : मार्क जास्त, म्हणजे तयारी पक्की.

फेब्रुवारी २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आला. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणारी १,४३६ मुलं आणि शाळेत जाणारी ४७१ मुलं त्यात होती. बाजारातली पोरं गुंतागुंतीचा हिशोब तोंडी करत होती, पण तसंच गणित वहीतल्या रूपात आलं की अडखळत होती. शाळेतल्या मुलांचं उलट : वहीत जमत होतं, बाजारात नाही. शाळेची खरी परीक्षा या दोन टोकांना जोडण्यात आहे. कापूस ३ क्विंटल ४० किलो भरला, भाव क्विंटलला ७,००० रुपये, तर पट्टी किती व्हायला हवी? नव्वद टक्क्यांच्या लेकराला हे व्यापाऱ्यासमोर उभं राहून सांगता यायला हवं. उत्तर २३,८००.

पाठ करून घेण्याबद्दलही एक गोष्ट. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात एक गट उतारा पुन्हा पुन्हा वाचत राहिला. दुसऱ्याने तो एकदा वाचून मग तीनदा न बघता आठवून लिहिला. आठवड्यानंतर पहिल्या गटाला ४० टक्के मजकूर आठवला, दुसऱ्याला ६१ टक्के.

गैरसमज : टॅब आणि स्मार्ट बोर्ड आले, शाळा भविष्यासाठी तयार झाली.

ज्या देशांनी शाळांतल्या संगणकांवर भरपूर खर्च केला, त्यांच्या मुलांच्या वाचनात किंवा गणितात ठळक सुधारणा दिसली नाही, असं 'ओईसीडी' या विकसित देशांच्या संघटनेने २०१५ मध्येच नोंदवलं. 'असर' २०२४ मध्ये १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. पण त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी ५७ टक्के होती, समाजमाध्यमांसाठी ७६. गाडीवाटलाही फोनच होता. पण तिथे आपल्याला काय शिकायचंय, हे मुलांनी आधी ठरवलं होतं.

शेंद्र्यातल्या कारखान्यातलं आजचं मशीन दहा वर्षांनी बदललेलं असेल. नव्या मशीनची पुस्तिका समजून वाचणं, माप नीट घेणं, कळलं नाही तर विचारणं आणि शेजारच्याला समजावून सांगणं, हे तेव्हाही लागेल. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालात मालकांनी सगळ्यात वर ठेवलेलं कौशल्यही विश्लेषण करून विचार करणं हेच आहे.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के जागा पालकांना दिल्या आहेत, आणि समितीत निम्म्या महिला असणं बंधनकारक आहे. करमाडच्या आयाबापांना माझी विनंती आहे : पुढच्या बैठकीला जा. इमारतीच्या रंगाचा विषय निघाला तरी एक प्रश्न नक्की विचारा, "तिसरीतल्या किती लेकरांना न अडखळता वाचता येतं, आणि ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी आपण काय करतोय?"