मोटारीचा कॅलिपर बदलावा काय?

जुन्नर व आंबेगांव या तालुक्यांत बैलगाड्यांच्या शर्यतीचा नाद किती आहे हें निराळें सांगावयास नको. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं या शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्यें त्यांस सशर्त मोकळीक दिली, आणि १८ मे २०२३ रोजीं त्यासंबंधींचा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरविला. यात्रेच्या दिवशीं गांवोगांवचे घाट आतां पुनः गजबजूं लागले आहेत. तेथें बारी सेकंदांनीं मोजतात आणि सारें कौतुक धांवण्याचें असतें. सुटलेली जोडी पुढें थांबली कशी, याची चर्चा पारावर सहसा होत नाहीं. मोटारीच्या शर्यतीचा छंद लागलेले तरुणहि आरंभीं असेंच बोलतात. इंजिन किती अश्वशक्तीचें, शून्यापासून शंभराचा वेग किती सेकंदांत, एवढाच त्यांचा विषय. पण चेन्नईजवळच्या किंवा कोइमतूरच्या धांवपट्टीवर दोन दिवस काढून आले म्हणजे त्यांच्या तोंडीं एक निराळाच शब्द येतो, तो म्हणजे कॅलिपर. मग घरांत प्रश्न निघतो : गाडीचे धडधाकट ब्रेक काढून परदेशी तऱ्हेचे महाग ब्रेक बसवावे काय? एकत्र कुटुंबांत असा खर्च एकट्याच्या मर्जीनें होत नाहीं. वडील मंडळींस त्याचा निवाडा करतां यावा, एवढ्यासाठीं हा विषय येथें थोडा उलगडून मांडीत आहों.

चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी चकती असते. तीस दोन्ही अंगांनीं पकडणारा जो चिमटा, तोच कॅलिपर. पेडल दाबलें कीं नळींतील तेलाचा दाब चिमट्यांतील दट्ट्यावर येतो, दट्ट्या पॅड पुढें ढकलतो, आणि पॅड चकतीस घासून वेगाची उष्णता करून टाकतो. साध्या गाडीच्या चिमट्यांत बहुधा एकच दट्ट्या असतो व चिमटा स्वतः सरकून दुसरी बाजू आवळतो. शर्यतीच्या गाडीचा चिमटा जागचा हालत नाहीं. त्यांत समोरासमोर मिळून चार किंवा सहा दट्टे असतात. ही कारागिरी केवळ परदेशची राहिली आहे असेंहि नव्हे. मंचरहून पुण्यास येतांना वाटेवर जें चाकण लागतें, तेथें इटलीच्या ब्रेंबो कंपनीचा दुचाकींच्या ब्रेकांचा कारखाना आहे.

आतां मुद्याकडे वळूं. नवा कॅलिपर बसविल्यानें गाडी कमी अंतरांत थांबते काय? बहुधा नाहीं. गाडीस अखेर थांबवितो तो टायर. कारखान्यांतून आलेले साधे ब्रेकसुद्धां पाय जोरानें रोंवला असतां चाक अडवूं शकतात. आणि चाक अडूं लागलें याचा अर्थच असा कीं टायरची पकड संपली. त्यापुढें चिमटा कितीहि बळकट केला तरी रस्ता अधिक कांहीं देत नाहीं. टायरची पकड गाडीच्या वजनाइतकी धरली, तर ताशीं १४४ किलोमीटर वेगाची गाडी थांबावयास सुमारे ८२ मीटर लागतात. चार दट्टे असोत कीं एक, या हिशेबांत त्यांना जागाच नाहीं.

असें असतां शर्यतवाले त्यावर पैसा कां ओततात? त्याचें उत्तर उष्णतेंत आहे. १२०० किलो वजनाची गाडी याच वेगानें जात असेल, तर तिच्या ठायीं ९ लक्ष ६० हजार जूल शक्ति असते, आणि ती सारी चार सेकंदांत ब्रेकांना गिळावी लागते. म्हणजे तेवढ्या वेळापुरतें ब्रेक तीनशेंहून अधिक अश्वशक्तीचें काम करतात. पुष्कळ गाड्यांचें इंजिनहि एवढें करीत नाहीं. एकदां थांबावयाचें तर हें ओझें कोणतेहि ब्रेक पेलतील. परंतु ग्रेटर नोयडाच्या बुद्ध धांवपट्टीसारखी ५.१२५ किलोमीटरची फेरी घ्या. तींत पुनःपुन्हां कडक ब्रेक मारावे लागतात, आणि चकतीस निवावयास उसंत मिळत नाहीं. तीनचार फेऱ्यांत साधे पॅड तापून निसरडे होतात, तेल उकळून त्यांत बुडबुडे होतात, आणि पेडल एकाएकीं मऊ लागून खालीं जातें. ज्यानें तें एकदां अनुभविलें, त्यास अश्वशक्तीचा अभिमान पुढें फारसा राहत नाहीं.

चकतीच्या ब्रेकाचें पेटंट इंग्लंडांत लँचेस्टर यांनीं १९०२ सालींच घेतलें होतें. पण त्याचा डंका वाजला तो १९५३ सालीं, फ्रान्सांतील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत, डनलॉपच्या चकत्या लाविलेली जॅग्वार पहिली आली तेव्हां. त्या विजयाचें मर्म एखाद्या वळणावर झटकन् थांबण्यांत नव्हतें. रात्रभर, फेरीमागून फेरी, ती गाडी त्याच खात्रीनें थांबत राहिली. म्हणून चालकास प्रत्येक वळणापर्यंत वेग धरून ठेवण्याची छाती झाली.

मोठा कॅलिपर देतो तें हेंच. त्याचें अंग दाबाखालीं कमी फांकतें, म्हणून पायाखालीं पेडल घट्ट लागतें. पॅड मोठे बसतात. अॅल्युमिनियमचा असल्यास चाकाजवळचें वजनहि घटतें. मात्र उष्णता सांठविण्याचें मुख्य काम चकतीचें. जुन्या चकतीवर केवळ रंगीत चिमटा चढविणें ही निव्वळ हौस होय. पहिल्या फेरीचा वेळ त्यानें सुधारत नाहीं. दहाव्या फेरीचा, चकती व पॅडहि जोडीस असतील तर, सुधारतो.

यांत एक धोकाहि आहे, तो विक्रेता सांगेलच असें नाहीं. पुढच्या चाकांस मोठ्या दट्ट्यांचा चिमटा लाविला आणि मागचे ब्रेक जसेच्या तसे ठेविले, तर ब्रेकांचा भार पुढें झुकतो. पुढचीं चाकें लौकर अडतात, मागचीं आळसावतात, आणि थांबण्याचें अंतर उलट वाढतें. शिवाय मोठे दट्टे अधिक तेल मागतात, त्यामुळें पेडल जास्त खालीं जातें.

धांवपट्टीवर कधींहि न जाणाऱ्या कुटुंबासहि यांतलें पुष्कळ लागू पडतें. वरील गाडी १०० मीटर उंची उतरली, कीं जवळजवळ १२ लक्ष जूल शक्ति मोकळी होते. ताशीं १४४ वरून साफ थांबण्याहूनहि ही अधिक आहे. ओतुराकडून निघून माळशेजच्या घाटानें मुरबाडकडे उतरणारी, माणसांनीं व सामानानें भरलेली घरची गाडी धांवपट्टीवरील गाडीचेंच दुखणें सोसत असते. तेथें कॅलिपर नको, खालचा गिअर हवा. आणि तेल ताजें हवें. ब्रेकचें नेहमींचें तेल हवेंतील ओलावा शोषतें. डॉट ४ जातीचें कोरें तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं, पण ओलावा मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. पावसाळ्याचा माळशेज ओलाव्यांत कंजूषपणा करीत नाहीं हें सर्वांस ठाऊक आहे. तेव्हां दर दोन वर्षांनीं तेल बदलावें. खर्च थोडा, आणि गुण मात्र महाग चिमट्याहून आधीं दिसतो.

धांवपट्टीवर खरोखरच जावयाचें असेल, त्यानेंहि प्रथम तेल, मग उष्णता सोसणारे पॅड, मग चांगले टायर करून पाहावे. एवढ्यानेंहि पांचव्या-सहाव्या फेरीस पेडल मऊ पडूं लागलें, तर मोठी चकती व तिला जुळता कॅलिपर खुशाल घ्यावा, पुढचा-मागचा मेळ जाणणाऱ्या कारागिराकडूनच बसवावा. आणि घेण्यापूर्वीं चाकाचें माप अवश्य पाहावें : मोठा चिमटा पुष्कळदां मूळच्या चाकांत मावत नाहीं, मग चाकें नवीं, चाकें नवीं म्हणून टायर नवे, आणि वडिलांसमोर मांडलेला हिशेब दुपटीवर जातो.