बेहड्याच्या शेंड्यावरचे लॅटिन

ठाणे जिल्ह्यातल्या शेणव्याच्या बाजूचा माणूस मुंबईला निघाला की आसनगावला लोकल धरतो. ठाणे, कुर्ला, शीव मागे पडतात आणि गाडी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला थांबते. पुढे रूळ संपतात. ‘टर्मिनस’ हा लॅटिन शब्द. त्याचा अर्थ हद्द, शीव. या शब्दाचे एक भावंड शहापूर-मुरबाडच्या रानात उभे आहे. ते म्हणजे बेहडा, शास्त्रीय नाव टर्मिनालिया बेलिरिका.

बेहड्याची एखादी फांदी वाकवून पाहा. बराचसा भाग उघडा दिसतो आणि पाने टोकाशी झुबक्याने येतात. पान फुटते ते पेरावर. फांदी वाढताना शेंड्याकडच्या पेरांमधले अंतर फार कमी राहते, त्यामुळे एकाआड एक फुटलेली पाने एकाच जागी गोळा झाल्यासारखी वाटतात. शाळेच्या आवारातल्या देशी बदामात हे आणखी स्पष्ट दिसते. पाने अशी फांदीच्या हद्दीवर येतात म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने 1767 मध्ये या प्रजातीला ‘टर्मिनालिया’ हे नाव दिले.

हिरडा, ऐन आणि अर्जुन हेही याच घरातले. ऐनाची पाने बेहड्याइतकी टोकाशी दाटत नाहीत, तरी तो टर्मिनालियाच. कारण नाव एका लक्षणावरून पडले असले, तरी नाते मुख्यतः फुला-फळांवरून ठरते. या झाडांच्या बारीक फुलांना पाकळ्याच नसतात. ऐन तर इथल्या शेतकऱ्याला सांगायला नको: साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली आणि फांद्या भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, पिढ्यान्‌पिढ्या तोडल्या गेलेल्या.

लिनियसच्या कितीतरी आधी रोममध्ये ‘टर्मिनालिया’ नावाचा सण होता. 23 फेब्रुवारीला शेजारी शेतकरी सामाईक बांधावरच्या दगडाला हार घालत, नैवेद्य दाखवत. टर्मिनस हा त्यांचा हद्दीचा देव. वाघबारशीला शिवेवरचा वाघदेव पुजणाऱ्या आपल्या आदिवासी पाड्यांना यात परके काही वाटणार नाही.

‘टर्मिनस’ हा शब्द पुढे इंग्रजीत पसरला. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबाराची भाषा फ्रेंच झाली. लॅटिनची ही लेक हजारो शब्द घेऊन इंग्रजीत शिरली. पुढे विद्वानांनी थेट लॅटिनमधूनही शब्द उचलले. शाळेची ‘टर्म’ म्हणजे हद्द घातलेला काळ. विमानतळाचे ‘टर्मिनल’ म्हणजे प्रवासाचे टोक. ‘टर्मिनेट’ म्हणजे संपवणे. ‘डिटर्माइन’ म्हणजे हद्द आखून नक्की करणे. ‘एक्सटर्मिनेट’ आज समूळ नाश सांगतो, पण त्याचा मूळ अर्थ हद्दीबाहेर हाकलणे हा होता. पाच शब्द पाच वेळा पाठ करण्याऐवजी एक मूळ समजले की पाचही उलगडतात.

मात्र नुसत्या आवाजावर विसंबू नये. वाळवीला इंग्रजीत ‘टर्माइट’ म्हणतात. तोही लॅटिनमधूनच आला, पण ‘टर्मेस’ या लाकूड पोखरणाऱ्या किड्याच्या नावावरून. हद्दीशी त्याचा संबंध नाही. सारखेपणा दिसला की शब्दाचा जुना अर्थ आणि त्याचा प्रवास तपासायचा, ही भाषाशास्त्राची शिस्त. वनस्पतिशास्त्रज्ञ पानावर न थांबता फूल उघडून पाहतो, तशीच ही तपासणी.

असाच शोध घेत भाषाशास्त्रज्ञ ‘टर्मिनस’चे मूळ संस्कृतच्या ‘तॄ’ धातूशी जोडतात. ‘तॄ’ म्हणजे पार करणे. आपले तरणे आणि तारणे त्यातूनच आले. लॅटिन आणि संस्कृत या एकाच जुन्या भाषेच्या शाखा असाव्यात, हा विचार संस्कृतचे अभ्यासक विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कोलकात्यात मांडला. त्यानंतर अशा तुलनेला जोर आला.

ग्रामीण भागातल्या मुलांना इंग्रजी शब्द आणि शास्त्रीय नावे दोन्ही अवघड वाटतात, कारण दोन्ही अर्थाविना पाठ करायला लावली जातात. ज्या मुलांच्या दारात बेहडा आहे, त्यांच्यावर तरी ही वेळ येऊ नये. शिक्षकांनी एक तास वर्ग रानात न्यावा, फांदी दाखवावी आणि फळ्यावर ‘टर्म’ लिहावे. शाळेतल्या प्रत्येक झाडावर मराठी नाव, शास्त्रीय नाव आणि त्या नावाचा अर्थ सांगणारी पाटी लावावी. खर्च एका पाटीचा आहे, आणि मुलाला त्यातून वनस्पतिशास्त्र आणि इंग्रजी दोन्ही मिळते.