प्रतिकृती : खरी की देखणी?

विमानाची लहान प्रतिकृती रंगविणाऱ्याला एक प्रश्न चुकत नाही: सत्य राखावयाचे की शोभा? दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश स्पिटफायर विमानाचा पंखविस्तार ११.२३ मीटर, १:७२ प्रमाणात तो सुमारे १५.६ सेंटिमीटर भरतो. पत्र्यांचे सांधे दाखविण्यासाठी प्रतिकृतीवर अर्धा मिलिमीटर रुंदीची रेघ ओढली, तर मूळ विमानावर ती ३६ मिलिमीटरची भेग ठरेल! तरीही रेघ मुळीच नसेल, तर प्रतिकृती साबणाच्या वडीसारखी निर्जीव दिसते.

रंगाचेही तसेच. प्रतिकृती १ फुटावरून पाहणे म्हणजे मूळ विमान ७२ फुटांवरून पाहणे. अंतरामुळे रंग फिकट भासतो; म्हणून अनेक कारागीर मूळ छटेत किंचित पांढरा मिसळतात. मापाने खोटा असलेला तो रंग डोळ्यांना खरा वाटतो. एवढी तडजोड क्षम्य मानावी. परंतु केवळ उठाव यावा म्हणून प्रत्येक सांध्यावर काजळी फासणे निराळे. त्या काळचे छायाचित्र समोर ठेवावे आणि धुराचा डाग जेथे दिसेल तेथेच द्यावा. ज्याने ते विमान कधी पाहिलेले नाही, त्याच्यापुढे प्रतिकृतीच साक्षीदार असते.