खांद्याची हाडे व त्यांच्या खुणा

खांदा म्हणजे एकच हाड नव्हे. पुढे जत्रुक, मागे अंसफलक, म्हणजे आपला खवाटा, आणि बाजूस भुजास्थीचे शीर्ष, अशी तीन हाडे येथे एकत्र येतात. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत (स्थापना १९५६) किंवा अन्यत्र, वैद्यकाचा विद्यार्थी ती प्रथम सुटी पाहतो. रुग्णाच्या अंगावर मात्र ती बोटांनीच ओळखावी लागतात.

जत्रुक त्वचेखाली सबंध चाचपता येते. हाताच्या सांगाड्याला धडाशी सांधणारे हाड हे एकटेच. त्यामुळे पडल्याचा आघात त्याच्यावर येतो व बहुधा ते मध्यभागी मोडते. खवाट्यावरील आडव्या कण्यावरून बोट बाहेर नेले असता खांद्याचा माथा, अंसकूट, लागतो. त्याखालची गोलाई भुजास्थीच्या उंचवट्यामुळे व त्यावरील स्नायूमुळे येते. शीर्ष खोबणीतून निसटले की ही गोलाई जाऊन खांदा चौकोनी दिसतो. अशा वेळी शेजारपाजाऱ्यांनी हात ओढून सांधा बसवू पाहणे घातक होय. भुजास्थीच्या मानेला वळसा घालणारी नस दुखावल्यास हात बाजूस उचलण्याची शक्ती क्षीण होते.