बोट कुठे, नजर कुठे?

कट्टा गावच्या बाजारातून लाल एसटी गेली की आजीच्या कडेवरचं दीड वर्षाचं पोर तिच्याकडे बोट दाखवतं आणि लगेच वळून आजीच्या तोंडाकडे बघतं. ‘तूही बघ ना!’ हे ते शब्दांशिवाय सांगतं. खाऊसाठी बोट दाखवणं वेगळं. तिथं वस्तू हवी असते, इथं सोबत. स्वमग्नतेत, म्हणजे ऑटिझममध्ये, बहुधा आधी हीच सोबत मागणं कमी दिसतं.

वर्षाचं होऊनही हाकेला ओ नाही, टाटा नाही, दोन वर्षांनंतरही दोन शब्द जोडत नाही, आलेले शब्द हरवले, तर थांबू नये. ‘बापूसय उशिराच बोललो, ह्यो पण बोलतलो’ हे मायेचं खरं. पण त्यात मोलाचे महिने जातात. एखाद्या खुणेवरून निदान होत नाही, आणि आधी कानांची तपासणी हवीच.

२०१३पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. तेव्हा वजन-उंचीवर न थांबता या बोटाबद्दलही विचारावं. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी वीस प्रश्नांची एम-चॅट ही स्वमग्नतेची प्राथमिक चाचणी आहे. उत्तरं पालकच देतात.